पिढ्यांमधील नाती : साधनांचा शोध

कुटुंबातील नाती पूर्वीपेक्षा सुधारली आहेत की बिघडली आहेत, हा प्रश्न आपल्या देशात वारंवार चर्चिला जातो. लग्नसमारंभात जमलेले आप्तेष्ट, व्याख्यानमालेतील वक्ते, वृत्तपत्रांत लिहिणारे लेखक हे सर्वजण या विषयावर ठाम मते मांडीत असतात. एका पक्षाच्या मते पूर्वीचे एकत्र कुटुंब हे मायेचे आगर होते. तेथे वृद्धांना मान होता, भावाभावांत सलोखा होता आणि मुले आजीच्या मांडीवर वाढत होती. दुसऱ्या पक्षाच्या मते त्याच घरात सुनेला सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवावे लागे, विधवेला कोपऱ्यात दिवस काढावे लागत आणि कर्त्या मुलालाही वडिलांसमोर तोंड उघडण्याची सोय नसे. दोन्ही पक्ष आपापल्या आठवणींचा दाखला देतात, आणि दोघांच्याही आठवणी खऱ्या असू शकतात. एकाच घरात नांदलेल्या दोन माणसांना ते घर सारखेच आठवते असे नाही.

हा वाद केवळ करमणुकीचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु भूतकाळाविषयीच्या अशा समजुतींवर वर्तमानातील निर्णय उभे राहतात. मुलीचे लग्न कोणत्या वयात करावे, आईवडिलांना कोणी सांभाळावे, मार खाणाऱ्या स्त्रीने सासर सोडावे की नाही, हे ते निर्णय होत. पूर्वीच्या बायकांनीही सहन केले आणि म्हणून घरे टिकली, असे सांगून जेव्हा एखाद्या मुलीला परत सासरी धाडले जाते, तेव्हा त्या सांगण्यात इतिहास किती आणि कल्पना किती, हे तपासण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. या प्रकरणात मूळ प्रश्नाचे तयार उत्तर दिलेले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी भारतात कोणती साधने उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाकडून काय अपेक्षावे, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाची फोड

ग्रंथालयात जाण्यापूर्वी अभ्यासकाने प्रश्नाची फोड केली पाहिजे. ‘नाती सुधारली का’ या तीन शब्दांत किमान तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न असा की, नाते कोणते? पती आणि पत्नी, आईवडील आणि मुले, सासू आणि सून, भाऊ आणि बहीण, वृद्ध आणि त्यांचा सांभाळ करणारे, ही सर्व नाती एकाच दिशेने आणि एकाच वेगाने बदलतात असे मानण्यास आधार नाही. पती-पत्नींमधील जवळीक वाढत असताना त्याच घरात मायलेकरांमधील अंतरही वाढू शकते.

दुसरा प्रश्न असा की, हे कोण सांगत आहे? कर्त्या पुरुषाला ज्या घरात शिस्त दिसते, त्या घरात धाकट्या भावाच्या पत्नीला धाक दिसत असेल.

तिसरा प्रश्न असा की, सुधारणा कशाला म्हणावयाचे? सहवास, जिव्हाळा, स्वातंत्र्य, सुरक्षितता आणि समान वागणूक या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला वडिलांशी मोकळेपणाने बोलता येते तो त्यांच्यापासून हजार मैलांवर राहत असेल, तर त्या नात्यात काही मिळाले आहे आणि काही गमावलेही आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित केल्यावाचून साधनांचा ढीग जमविणे व्यर्थ होय.

घराचा आकार आणि घरातील जिव्हाळा

कुटुंबाविषयीचे सर्वांत विस्तृत साधन म्हणजे जनगणना. भारतातील पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, आणि १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनी होत राहिली. २०२१ ची जनगणना मात्र ठरल्या वेळी होऊ शकली नाही. जनगणनेत कुटुंबाची ओळख प्रामुख्याने समाईक स्वयंपाकघरावरून ठरते. एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारी माणसे ती एका कुटुंबाची मानली जातात. २०११ मध्ये देशात सुमारे १२१ कोटी माणसे आणि सुमारे २५ कोटी कुटुंबे होती. म्हणजे सरासरीने एका कुटुंबात पाचाहून किंचित कमी माणसे होती.

हे आकडे उपयुक्त आहेत, परंतु त्यांतून घराचा आकार कळतो, नात्याचा स्वभाव कळत नाही. चूल वेगळी झाली म्हणजे मने वेगळी झाली असे नव्हे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा गावाचा अभ्यास केला आणि तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकत्रपणा केवळ राहत्या घरावरून ठरवू नये, तर मालमत्ता, परस्परांविषयीची कर्तव्ये आणि कार्यप्रसंगी येणे-जाणे यांवरूनही तो ओळखावा, असे त्यांनी दाखवून दिले. वेगळ्या घरांत राहणारे भाऊही या अर्थाने एका कुटुंबाचे असू शकतात.

पूर्वी सर्वत्र मोठी एकत्र कुटुंबे होती ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. अ. म. शाह यांनी ‘द हाउसहोल्ड डायमेन्शन ऑफ द फॅमिली इन इंडिया’ या १९७३ च्या ग्रंथात गुजरातेतील राधवणज या गावाच्या १८२५ सालच्या खानेसुमारीचा उपयोग केला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच गावात केलेल्या स्वतःच्या पाहणीशी तिची तुलना केली. त्यावरून असे दिसले की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही लहान कुटुंबे विरळ नव्हती. याचे एक साधे कारण मृत्यूच्या प्रमाणात आहे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सुमारे ७० वर्षे आहे. जन्मलेल्या मुलांपैकी पुष्कळ बालपणीच दगावत, त्यामुळे ही जुनी सरासरी इतकी खाली येत असे. तरीही मुलांची लग्ने होऊन नातवंडे खेळू लागेपर्यंत आजोबा आणि आजी दोघेही हयात असणे हे त्या काळी आजच्याइतके सामान्य नव्हते, हे उघड आहे. तीन पिढ्यांचे सुखी घर आपल्या स्मरणात ठळक राहते, कारण ज्या घरांत तशी घरे उभी राहूच शकली नाहीत त्यांच्या आठवणी सांगणारे फारसे उरलेले नाहीत.

जनगणनेबरोबरच आणखी दोन साधनांची नोंद घ्यावी. १९६१ च्या जनगणनेच्या निमित्ताने देशभरातील शेकडो खेड्यांचे स्वतंत्र वृत्तान्त तयार करण्यात आले. त्यांत विवाह, वारसा आणि घरातील चालीरीती यांची माहिती मिळते. हरिद्वार, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या अनेक पिढ्यांच्या वंशावळी नोंदलेल्या असतात. कोण कोणाचा कोण, हे त्यांवरून कळते. मात्र या वह्यांत पुरुषांची नावे प्रामुख्याने येतात. लेकी लग्न होऊन गेल्या की माहेरच्या पानावरून बहुधा नाहीशा होतात, आणि हेही त्या काळातील नात्यांविषयी काही सांगणारे आहे.

समाजशास्त्रज्ञांची पाहणी

भारतीय कुटुंबावरील शास्त्रीय लेखनाचा मोठा भाग स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत झाला. इरावती कर्वे यांचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. उत्तरेत मुलगी परक्या गावी, अनोळखी घरात दिली जाते, तर दक्षिणेत पुष्कळ समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते. यामुळे सून या शब्दाचा अनुभव दोन्हीकडे सारखा राहत नाही, हे त्यांच्या विवेचनावरून ध्यानी येते. म्हणून ‘भारतीय कुटुंब’ असे सरसकट बोलण्यापूर्वी प्रदेश आणि समाज यांचा निर्देश करणे आवश्यक ठरते.

ऐलीन रॉस यांनी बंगलोरमधील शिक्षित हिंदू कुटुंबांतील व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा ग्रंथ १९६१ चा. कोणते नाते सर्वांत जिव्हाळ्याचे, याचा शोध घेता आई आणि मुलगा यांच्या नात्याला पहिले स्थान मिळाले. पती-पत्नीचे नाते पुष्कळ खाली राहिले. म. स. गोरे यांनी दिल्ली आणि आसपासच्या अग्रवाल कुटुंबांचा अभ्यास करून १९६८ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यातही एकत्र कुटुंबात पती-पत्नींच्या जवळिकीला जाणूनबुजून मर्यादा घातली जाते, या मुद्द्याचा ऊहापोह आहे. हे ग्रंथ आज आणखी एका कारणाने मोलाचे ठरतात. ज्यांना आपण आता ‘मागची पिढी’ म्हणतो, ती पिढी त्या पानांत तरुण वयात, स्वतःच्या शब्दांत बोलताना भेटते. पन्नास वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीपेक्षा त्या वेळी दिलेले उत्तर अधिक भरवशाचे असते.

कायदे आणि न्यायालयांची दप्तरे

घरातील कलह जेव्हा उंबरठा ओलांडतो तेव्हा त्याची नोंद न्यायालयात होते. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने सासरी नांदावयास यावे म्हणून दावा लावला. रखमाबाईचे लग्न तिच्या अकराव्या वर्षी झाले होते आणि ती कधीही पतीच्या घरी नांदली नव्हती. पहिल्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पुढे अपिलात तो निर्णय टिकला नाही, आणि १८८७ मध्ये तिने पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, अशी भूमिका तिने घेतली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे इंग्लंडमध्ये शिकून त्या डॉक्टर झाल्या.

या एका प्रकरणात अभ्यासकाला दोन प्रकारची साधने मिळतात. न्यायालयाच्या कागदांत पतीचा हक्क आणि कायद्याचा कीस आढळतो. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने प्रसिद्ध झालेल्या तिच्या पत्रांत बालविवाहाने शिक्षण कसे तुटते आणि मन कसे कोंडते, याचे वर्णन आढळते. केवळ निकालपत्र वाचणाऱ्याला त्या घराची अर्धीच गोष्ट कळेल.

कायद्यांच्या तारखाही साधन म्हणून वाचता येतात. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, १९५५ आणि १९५६ चे हिंदू विवाह व उत्तराधिकार कायदे, १९६१ चा हुंडाबंदी कायदा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि आईवडिलांच्या चरितार्थाविषयीचा २००७ चा कायदा, ही मालिका पाहिली म्हणजे कोणत्या काळी समाजाला कोणत्या नात्याची चिंता वाटू लागली हे समजते. कायदा झाला म्हणजे वागणूक बदलली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. २००७ च्या कायद्यावरून मुले पूर्वीपेक्षा निष्ठुर झाली असे सिद्ध होत नाही. वृद्धांची संख्या वाढली आणि त्यांच्या हालांना सार्वजनिक प्रश्नाचे रूप आले, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

गुन्ह्यांच्या आकड्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. ‘क्राइम इन इंडिया’ हे सरकारी वार्षिक १९५३ पासून निघते. पती किंवा त्याचे नातेवाईक यांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंडविधानात आला तो १९८३ मध्ये, कलम ४९८-अ या रूपाने. त्यापूर्वीच्या वार्षिकांत या गुन्ह्याचा रकाना नाही. म्हणून त्यापूर्वी छळ नव्हता असे कोण म्हणेल? पुढील वर्षांत नोंदींची संख्या वाढली, तिच्यात छळाची वाढ किती आणि तक्रार करण्याच्या धैर्याची वाढ किती, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्या समाजात कोणीही तक्रार करीत नाही त्याचे कागद सर्वांत स्वच्छ दिसतात.

आत्मचरित्रे आणि पत्रे

नात्यांचा अंतरंग स्वभाव जाणण्यासाठी आत्मचरित्रे आणि पत्रे यांना पर्याय नाही. भारतीय भाषांतील याचे एक जुने उदाहरण म्हणजे बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये लिहिलेले ‘अर्धकथानक’. व्यापारात लक्ष नसलेला मुलगा आणि त्याची काळजी वाहणारा बाप यांचे नाते त्यात मोकळेपणाने आले आहे. एकामागून एक दगावलेल्या आपल्या नऊ मुलांचाही त्यात उल्लेख आहे.

बंगालमधील राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुस्तक. सुनेने अक्षर ओळखणे हेच जेथे पाप मानले जाई, अशा घरात त्या स्वयंपाकघरात लपून वाचावयास शिकल्या. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून आणखी एक बाब स्पष्ट होते. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्नीला शिकविले, त्यामुळे त्या दोघांतील नाते जुन्या जोडप्यांपेक्षा वेगळे झाले. परंतु त्याच शिक्षणामुळे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष रमाबाईंना सोसावा लागला. एक नाते सुधारत असताना दुसऱ्यावर ताण पडला. या घराविषयी ‘सुधारले’ किंवा ‘बिघडले’ असे एकच उत्तर कसे द्यावे?

हे लेखन बहुतांशी सुशिक्षित वरिष्ठ जातींतील आहे. ही उणीव दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी काही अंशी भरून काढली. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. जातीच्या जाचाबरोबरच कोवळ्या सुनांना सासरी सोसाव्या लागणाऱ्या यातनाही त्यांनी परखडपणे मांडल्या. स्वतःच्या संसाराविषयी मात्र त्या पुस्तकात फारसे लिहिलेले नाही. पुढे २००८ मध्ये इंग्रजी अनुवादासोबत छापलेल्या मुलाखतीत, पतीचा संशयी स्वभाव आणि त्याची मारहाण यांविषयी त्या बोलल्या, आणि आपण कित्येक वर्षे लपूनछपून लिहीत होतो हेही त्यांनी सांगितले. समाजाचे दुःख मांडताना निर्भीड असलेली लेखणी घराच्या दाराशी थांबली होती. आत्मचरित्रात जे नाही ते घडलेच नाही, असे मानणाऱ्या अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पत्रांची अडचण वेगळी आहे. थोरांची पत्रे जपली जातात, त्यांना आलेली उत्तरे बहुधा हरवतात. महात्मा गांधींचे समग्र लेखन केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने शंभर खंडांत प्रसिद्ध केले आहे. त्यात मुलांना लिहिलेली पत्रे आहेत. थोरले चिरंजीव हरिलाल यांनी १९१५ मध्ये वडिलांना लिहिलेले दीर्घ पत्र त्यांच्या शेजारी ठेवून वाचले, तरच त्या वेदनामय नात्याची दुसरी बाजू कळते.

आधुनिक नमुना पाहण्या

गेल्या तीन दशकांत नवे आणि समृद्ध साधन हाती आले आहे, ते म्हणजे घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय पाहण्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाच फेऱ्या १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात झाल्या. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच लग्न झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३ टक्क्यांवर आले. पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण याच काळात सुमारे ३७ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत उतरले. काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रिया ५४ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आल्या.

दिशा चांगली आहे, परंतु पल्ला मोठा आहे. पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली होती. पोलिसांकडील नोंदींवर विसंबून राहणे किती अपुरे आहे, ते यावरून ध्यानात येते. या पाहणीत हिंसेविषयीचे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, एकांतात विचारले जातात. एकांत मिळाला नाही तर ते विचारले जात नाहीत. साधन कसे तयार झाले हे ठाऊक असल्याशिवाय त्यातील आकडा वापरू नये, हा धडा येथे पुन्हा मिळतो.

भारत मानव विकास पाहणी २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये झाली, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या वेळच्या बहुतेक घरांत पुन्हा जाण्यात आले. लग्न ठरविताना मुलीचे मत घेतले होते काय, दवाखान्यात जाण्यासाठी परवानगी लागते काय, घरातील पुरुष आधी जेवतात की सर्वजण एकत्र बसतात, असे प्रश्न तीत आहेत. प्रेम मोजता येत नाही, पण ताट कोणाचे आधी वाढले जाते हे मोजता येते.

वेळेच्या वापराची राष्ट्रीय पाहणीही याच कारणाने वाचनीय आहे. २०१९ मध्ये घरच्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांचे ओझे दहा मिनिटांनी हलके झाले असले, तरी ते पुरुषांनी उचलले असे या सरासरीवरून म्हणता येत नाही. वृद्धांसाठी २०१७-१८ मध्ये सुरू झालेली वार्धक्याची दीर्घकालीन पाहणी आहे. पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांना तीत त्यांची राहण्याची व्यवस्था, मुलांशी असलेली देवाणघेवाण आणि मिळणारी वागणूक यांविषयी विचारण्यात आले.

वय, पिढी आणि काळ

पिढ्यांची तुलना करताना एक चूक हटकून होते. सत्तर वर्षांची स्त्री सांगते की, आपण सून असताना घरात फार जाच होता आणि आता घर शांत आहे. हे ऐकून काळ बदलला असे आपण म्हणतो. परंतु मधल्या काळात तिचे घरातील स्थानही बदलले. सुनेची ती सासू झाली. घर तिच्यासाठी शांत झाले, तिच्या सुनेसाठी झाले की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. माणसाचे वय वाढल्यामुळे होणारा बदल, पिढीपिढीतील फरक आणि एखाद्या काळाचा सर्वांवरच पडणारा प्रभाव, या तीन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. त्यासाठी वीस वर्षांच्या सुनेची तुलना पन्नास वर्षांच्या सासूशी न करता, ती सासू वीस वर्षांची असताना काय स्थिती होती, तिच्याशी करावी. वेगवेगळ्या सालांतील पाहण्यांत समान वयोगटाचे तेच प्रश्न शोधले असता अशी तुलना शक्य होते.

मौखिक साधने आणि आपले स्वतःचे घर

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनीही आपले मन मागे ठेवले आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावर गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या गी पॉयटवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने जमविल्या. आई, भाऊ, लेक, सासू, सवत यांच्याविषयी त्या ओव्यांतून जे व्यक्त झाले आहे ते कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. मात्र ओवीचेही संकेत असतात. भावाची थोरवी गाण्याची रीत असली म्हणून प्रत्येक भाऊ तसाच होता असे नव्हे.

वाचकाला सर्वांत सुलभ असलेले साधन त्याच्या घरातच आहे. वडीलधाऱ्यांना ‘तुमच्या वेळी प्रेम होते का’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळेल. त्याऐवजी ठोस गोष्टी विचाराव्यात : जेवायला शेवटी कोण बसे? पैशाची किल्ली कोणाकडे असे? माहेरी वर्षातून किती वेळा जाता येई आणि ते कोणाला विचारून? आजारी पडल्यावर उशाशी कोण बसे? वडील कधी मुलांना जवळ घेत का? एकच प्रसंग, उदाहरणार्थ घराची वाटणी, दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे सांगावयास लावावा. दोघांच्या कथनांत जेथे तफावत पडेल तेथेच अभ्यासाचा विषय आहे. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, त्याला नकोसा वाटेल तो प्रश्न सोडून द्यावा आणि ऐकलेले घरातच इतरांपुढे उघड करू नये. जुन्या जखमेवरची खपली काढून मिळविलेली माहिती कोणाच्याही कामाची नाही.

शोधाचा क्रम

शोध सार्वजनिक ग्रंथालयातून सुरू करावा. समाजशास्त्र, चरित्र, कायदा आणि लोकसाहित्य या चारही विभागांत हा विषय विखुरलेला आहे. ‘कुटुंब’ या एका शब्दाखाली तो सापडणार नाही. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा १९७४ चा अहवाल आरंभी वाचावा, कारण त्यात तोपर्यंतच्या माहितीचा आढावा एकत्र मिळतो. पुढे पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय, मुंबईतील एशियाटिक सोसायटी आणि राज्य पुराभिलेखागार, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार यांच्याकडे वळावे. राष्ट्रीय पाहण्यांचे अहवाल आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक साधनावर टिपण करताना चार गोष्टी लिहाव्यात : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले, कोणाला सांगितले आणि त्या घरातील कोणाचा आवाज यात नाही.

या चौथ्या प्रश्नाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. जनगणनेने माणसे मोजली, न्यायालयाने दावेदारांचे ऐकले, आत्मचरित्राने लिहिणाऱ्याचे ऐकले. प्रत्येक साधनात घरातील कोणीतरी गप्प आहे, आणि बहुधा घरात ज्याला बोलण्याची मुभा नव्हती तोच तेथेही गप्प आहे. त्याचा आवाज दुसऱ्या कोणत्या साधनात उमटला आहे काय, हे पाहत पाहतच अभ्यास पुढे जातो.

उपलब्ध पुराव्यांवरून आज एवढे म्हणता येते : मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली आहेत, पत्नीला होणारी मारहाण घटली आहे पण संपलेली नाही, घरकामाची वाटणी फारशी बदललेली नाही, आणि पूर्वीपेक्षा अधिक माणसे म्हातारपण पाहू लागल्यामुळे त्यांच्या सांभाळाचा प्रश्न नव्या स्वरूपात उभा आहे. यापुढे कोणी ‘पूर्वीची नाती चांगली होती’ किंवा ‘आताची चांगली आहेत’ असे म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारावे की, कोणते नाते, कोणाच्या दृष्टीने आणि कशावरून? सासरी परत धाडल्या जाणाऱ्या त्या मुलीच्या वतीने हे तीन प्रश्न विचारणारा एक जरी माणूस बैठकीत असला, तरी या अभ्यासाचे चीज झाले असे समजावे.